गेरूचा ओला दोर

"तुम्हा दोघांना मेकअप लागणार नाही."

अभयदादा असं म्हणाला आणि हॉल हसला.

मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गचा कौन्सिलचा हॉल. रविवारची दुपार. मंडळाच्या नाटकाची तालीम. अभयदादा आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. नाटक त्यानंच लिहिलेलं, दिग्दर्शन त्याचं, आणि नाटकातला लोकनेताही तोच. विषय लोकशाहीचा जन्म. गाव अथेन्स. नागरिकांच्या भूमिका वाटून झाल्या. उरलो मी आणि माझी बायको सुनीता. आम्हाला गुलाम दिले. दोन गुलाम, एक लांब दोर. एक टोक मी धरायचं, दुसरं तिनं, आणि बाजारात गप्पा मारत बसलेल्या नागरिकांना सभेकडं हाकत न्यायचं. बाकीच्यांच्या तोंडाला रंग, डोक्याला विग. आमच्याकडं बघून त्यानं ते वाक्य टाकलं.

सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी. नुसता हसलो नाही, भरही घातली. टकलावरून हात फिरवला आणि म्हणालो, "दादा, विगसुद्धा नको. हे पण रेडीमेड आहे."

टाळ्या. कुणीतरी पाठीवर थाप मारली. "लेजंड आहेस यार तू!"

मी खूश. असा मी.

सुनीता हसली नाही. तिनं दोराचं टोक उचललं, बघितलं, खाली ठेवलं. घरी जाताना गाडीत म्हणाली, "तुम्ही का हसलात?"

"सगळेच हसत होते."

"ते आपल्याला हसत होते. तुम्ही कुणाला हसत होतात?"

मी इंडिकेटर लावला. वळायचं नव्हतं, तरी लावला.

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल. मी ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यात रंग मारतो. स्प्रे पेंटर. आलो होतो शिकायला. मराठवाड्यातल्या कॉलेजात इतिहासात बीए केलेलं, इथं येऊन अकाउंटिंगचा कोर्स केला, आणि कोर्स संपल्यावर कळलं की मला हिशेब जमत नाही. रंग जमला. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली. सुनीता वृद्धाश्रमात काम करते. मुलगी प्रज्ञा सातवीत. घर भाड्याचं, पण अंगणात कढीपत्ता जगवलाय. मेलबर्नच्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल.

मंडळात आलो तेव्हा पहिला प्रश्न झाला, "मूळचे कुठले?" मला वाटलं, किती आपुलकी! मी तालुका सांगितला, गाव सांगितलं, एसटी कुठं सोडायची, फाट्यावरून जीप कुठली पकडायची, सगळं सांगितलं. समोरचा थांबला. म्हणाला, "नाही, म्हणजे गावात कुठं?" मी म्हणालो, "शाळेच्या मागं." तो आणखी थांबला. माझं आडनाव गावावरून. शेवटी 'कर'. त्यातून त्याला काही हाती लागेना. पुढच्या महिन्यात दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं. मी प्रत्येकाला एसटीसकट रस्ता सांगत राहिलो. त्यांना रस्ता नको होता, हे मला घरी बसून सुनीतानं सांगितलं. तोवर मी अर्ध्या मंडळाला माझ्या गावी पोचवून आलो होतो.

मंडळात दोन तऱ्हेचे सदस्य. मतदार सदस्य आणि सहयोगी सदस्य. वर्गणी सारखीच. जेवणाची पंगत सारखीच. मत फक्त पहिल्यांना. सहयोगीचा मतदार व्हायचा तर एका मतदार सदस्यानं उभं राहून म्हणायचं, "मी यांच्या घराण्याला ओळखतो." बस. एवढंच. माझ्या घराण्याला ओळखणारा कुणी उभा राहत नव्हता. दरवर्षी अभयदादा म्हणायचा, "यंदा करून टाकू रे." मी म्हणायचो, "नो वरीज, दादा. तुम्ही म्हणाल तसं." तो मला तू म्हणतो. मी त्याला तुम्ही. वयानं तो माझ्याहून लहान आहे.

मत नव्हतं म्हणून काम नव्हतं असं नाही. गणपतीला मांडव मी घालायचो. स्पीकर मी आणायचो. भांडी सुनीता घासायची. आणि वार्षिक सभेला खास माझी नेमणूक. आमच्या लोकांची एक खोड आहे. सभेला येतात, पण आत जात नाहीत. कार पार्कमध्ये घोळके करून उभे राहतात. घरांच्या किमती, मुलांच्या परीक्षा, पुण्याचा फ्लॅट. आत कोरम भरत नाही, सभा सुरू होत नाही. मग सेक्रेटरी केतन मला म्हणायचा, "अरे, जरा हाक मार ना. तुझा आवाज भारी आहे." मी हाक मारायचो. असा आवाज लावायचो की पलीकडच्या ओव्हलवर क्रिकेट खेळणारी पोरं थांबायची. "चला मंडळी, आत चला, चहा नंतर!" हात पसरून एकेक घोळका दाराकडं ढकलायचो. सगळे हसत हसत आत जायचे. शेवटचा माणूस आत गेला की केतन दार ओढून घ्यायचा. फटीतून म्हणायचा, "फक्त मतदार सदस्य हं. सॉरी, मेट."

दार बंद. मी बाहेर. चपलांच्या रॅकशेजारी चहाचं थर्मास लावून बसायचो. आतून टाळ्या ऐकू आल्या की मीही वाजवायचो. कशासाठी ते माहीत नसायचं.

ही गोष्ट मी कारखान्यात हसून सांगायचो. मला खरंच मजेची वाटायची.

तालमी चालू असताना प्रज्ञाच्या शाळेत तोच विषय निघाला. प्राचीन अथेन्स. ती जेवणाच्या टेबलावर चार्ट रंगवत होती. मी इतिहासाचा बीए, म्हणून मदतीला बसलो. गाइड पाठ करून पास झालेला बीए. माझ्या गाइडात एवढंच होतं की अथेन्समध्ये प्रत्यक्ष लोकशाही होती. आणि खाली रेघ.

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, दॅट्स लाइक, हाफ द स्टोरी." तिनं चार्टवर माणसं काढली होती. मधे थोडे नागरिक. बायका बाहेर. एका बाजूला परदेशी रहिवासी, त्यांना मेटिक म्हणायचे. कर भरायचे. लढाईला जायचे. धंदे करायचे. जमीन घेता यायची नाही, सभेत बसता यायचं नाही. आणि राहायचं तर एखाद्या नागरिकाला आपला पाठीराखा म्हणून दाखवावं लागायचं.

"म्हणजे कुणीतरी म्हणायचं की मी याला ओळखतो?"

"याह. काइंड ऑफ."

दुसऱ्या बाजूला गुलाम. खाणीत, घरात, शेतात. आणि काही गावाच्या मालकीचे. त्यांच्या हातात तिनं लाल दोर काढला होता. दोर गेरूत बुडवलेला. ओला. नागरिक बाजारात रेंगाळायला लागले की हे गुलाम दोर ताणून त्यांना सभेकडं रेटत न्यायचे. ज्याच्या कपड्याला लाल लागलं त्याला दंड. सभा भरली की दोरवाले बाहेर.

प्रज्ञानं ब्रश पाण्यात बुडवला आणि सहज विचारलं, "सो, विच वन आर यू?"

मी नेहमीसारखा विनोद केला. "मी चहावाला."

"दॅट्स नॉट अ थिंग, बाबा."

ती पुन्हा रंगवायला लागली. मी मात्र त्या दोराकडं बघत बसलो. मला माझा बाप दिसला.

माझा बाप गावात दवंडी द्यायचा. गळ्यात हलगी. आळीआळीत जाऊन ओरडायचा, "आज दिस मावळायच्या आत चावडीवर बैठक हाय हो!" लोक ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. बाप पुन्हा फिरायचा. "चला मालक, चला, बैठक खोळंबली." सगळे गेले की बापही जायचा. चावडीच्या पायरीखाली बसायचा. चपलांजवळ. दिवाळीआधी त्याच चावडीच्या भिंतीला माझी आई गेरूचा पट्टा ओढायची. बाहेरून. आतला पट्टा दुसरे ओढायचे. गावाची सभा बापाच्या आवाजावर भरायची, आणि त्या सभेत बापाचा आवाज कधी कुणी ऐकला नाही.

बारा गावचं पाणी पिऊन, समुद्र ओलांडून, पीआर घेऊन मी कुठं पोचलो होतो? चपलांच्या रॅकशेजारी. फरक एवढाच की हलगीच्या जागी थर्मास.

देशाचं तरी काय वेगळं होतं म्हणा. मतदानाच्या दिवशी प्रज्ञाच्या शाळेत पालकांच्या स्टॉलवर मी सॉसेज भाजत होतो. मतदान करून येईल त्याला ब्रेडमध्ये सॉसेज, वर कांदा. एकदा कांदा आणायला गेलो आणि चुकून मतदारांच्याच रांगेत उभा राहिलो. हातात चिमटा. टेबलापाशी पोचलो तेव्हा बाईंनी नाव विचारलं. यादीत नव्हतं. कसं असेल? नागरिकत्वाचा अर्जच मी केला नव्हता. भारताचा पासपोर्ट सोडवेना. त्या बाई हसल्या. "नो वरीज, डार्ल." मी चिमटा घेऊन परत आलो. ती चूक माझी होती, आणि मला दुरुस्त करता येणार होती. अर्ज करायचा, बस. या देशानं मला विचारलं असतं, किती वर्षं राहिलास? माझ्या भाषेतले लोक विचारत होते, गावात कुठं?

रंगीत तालमीला मी अभयदादाला गाठलं. नाटकानंतर लगेच त्याच हॉलमध्ये वार्षिक सभा ठरली होती. म्हटलं, "दादा, यंदा माझी शिफारस होईल ना? नाटकात गुलाम, सभेत तरी नागरिक."

तो हसला. खांद्यावर हात टाकला. "अरे, मताचं काय घेऊन बसलास? तुझ्याशिवाय मंडळ चालतं का? यू आर द बॅकबोन." मग आवाज बारीक केला. "खरं सांगू का? मला काही नाही. पण काही लोकांना जरा वेगळं वाटतं. आणि तुमच्या लोकांची वेगळी असोसिएशन असते ना? एप्रिलमधली जयंती वगैरे? तिथं ट्राय कर ना. तिथं तू प्रेसिडेंट होशील."

म्हणजे त्यांना रस्ता सापडला होता. शाळेच्या मागं पोचले होते.

"आणि शेवटचा डायलॉग जरा जोरात म्हण," तो जाता जाता म्हणाला. माझा शेवटचा डायलॉग होता, 'धन्य ती लोकशाही!' गुलामानं म्हणायचा. गुडघ्यावर बसून.

माझं तोंड काय म्हणालं असेल? "नो वरीज, दादा." तोंडाला सवय झालेली. पण हातात दोर होता. कोरडा. चकचकीत, लाल, नायलॉनचा, हार्डवेअरच्या दुकानातला. मी तो मुठीत आवळला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला मत नंतर हवं आहे. आधी सूड हवा आहे. शिकलेली माणसं हा शब्द लिहीत नाहीत. मी लिहितो. सूड.

फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानातून गेरू आणला. सुती दोर आणला. कारखान्यात मी दिवसभर रंगाशी खेळतो, त्यामुळं कपड्यावरून न जाणारा डाग कसा करायचा ते मला विचारा. गेरू जवसाच्या तेलात कालवला. पहिला प्रयोग स्वतःवरच झाला. रंगाची शेड जुळवताना बादली लवंडली. माझी शिफ्टची पँट गेली, घरातल्या कपडे धुवायच्या खोलीची फरशी गेली, आणि भाड्याच्या घराची भिंत कमरेपर्यंत तांबडी झाली. सुनीता दारात उभी राहिली.

"कुणाचा खून केलात?"

"अजून नाही."

मी तिला सगळं सांगितलं. दादा काय म्हणाला ते. ती ऐकत राहिली. मग चप्पल काढून आत आली, बादलीतला गेरू बोटावर घेतला, चोळून बघितला.

"जवस थोडं आणखी घाला. लवकर वाळतंय." मग म्हणाली, "बायका समोर आल्या की दोर त्यांच्या डोक्यावरून न्यायचा. साड्या धुवायला बायकाच बसणार. कुर्ते रंगू देत." आणि दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "नुसता रंग लावून आलात तर लोक म्हणतील, गंमत केली. तुम्हाला गमत्याच समजतात ते. तिथं तोंड उघडा."

नाटकाच्या दिवशी अभयदादाच्या कल्पनेप्रमाणं सगळ्या पुरुषांनी पांढरे कुर्ते घातले होते. अथेन्सचा फील यावा म्हणून. प्रेक्षकसुद्धा नागरिक, असं त्यानं जाहीर केलं होतं. हॉल पांढराशुभ्र. एवढा मोठा कॅनव्हास मला कारखान्यातही कधी मिळाला नाही.

पहिला प्रवेश झाला. दादानं समतेवर भाषण केलं. मग आमची एंट्री, हॉलच्या मागच्या दारातून. सुनीता डावीकडं, मी उजवीकडं. मधे दोर. मी बापाचा आवाज लावला. "आज दिस मावळायच्या आत चावडीवर बैठक हाय हो! चला मालक, चला!"

लोक खिदळले. मागच्या रांगा उठल्या, लाडिक किंचाळत पुढं पळाल्या. काहीजण मुद्दाम रेंगाळले. त्यांना दोर लागला. पाठीवर, दंडावर, पोटावर. आधी हसत होते. मग एकानं हात लावून बघितला.

"एऽऽ, ओला आहे! ओला आहे रे हा!"

आता लोक खरंच पळाले. खुर्च्या सरकल्या. मी आणि सुनीता चालतच राहिलो. घाई नाही. आमच्यापासून अंग चोरत मंडळी स्टेजवर चढत होती. हे अंग चोरणं माझ्या ओळखीचं होतं. आईला पाणी वाढताना बायका असंच अंग चोरायच्या. आज पहिल्यांदा त्याचं कारण माझ्या हातात होतं.

केतनच्या छातीवर आडवी रेघ उमटली. स्टेजच्या टोकाशी अभयदादा उभा होता. मागं जायला जागा नव्हती. त्यानं कॉलरच्या माईकवर हात दाबून दातांतल्या दातांत म्हटलं, "काय मूर्खपणा आहे हा? कोरडा दोर कुठंय?"

"अथेन्समध्ये ओलाच असायचा," मी म्हणालो. "माझ्या लेकीला विचार."

विचार. विचारा नव्हे. तोंडातून निघून गेलं आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

सुनीतानं तिकडून दोर ताणला. त्याच्या रेशमी कुर्त्यावर, बरोब्बर मधोमध, माझ्या आईचा गेरूचा पट्टा ओढला गेला. या वेळी आतून.

मग माझं शेवटचं वाक्य होतं. गुडघ्यावर बसून. मी बसलो नाही. माईक त्याच्या कॉलरला होता, म्हणून त्याच्या जवळच गेलो. इतका जवळ की तो अंग चोरतोय हे सगळ्यांना दिसलं.

"अभय," मी म्हणालो, आणि स्पीकरमधून ते सगळीकडं गेलं. "ज्याच्या अंगाला रंग लागलाय तो नागरिक. बघून घ्या एकमेकांकडं. दोर धरणाऱ्याचे फक्त हात लाल होतात. माझ्या बापानं गावाची सभा भरवली आणि चपलांजवळ बसला. मी तुमची सभा भरवतो आणि चपलांजवळ बसतो. तुला माझं घराणं माहीत नाही म्हणतोस. आज सांगितलं. दवंडीवाल्याचं घराणं. आता ओळखतोस. उभा राहा आणि म्हण."

 अभय कॉलरचा माईक चाचपडत होता. बटण सापडेना. त्याचा श्वास तेवढा हॉलभर ऐकू येत होता.

तेवढ्यात पडदा पडला. पडदाही मीच शिवलेला. अर्धा पडला, अर्धा अडकला. माझी कामं अशीच.

सगळे कार पार्कमध्ये गेले. नळापाशी गर्दी. पाण्यानं गेरू पसरत होता, जात नव्हता. कुणी वकिलाचं नाव काढलं. कुणी म्हणालं, "ही इज जस्ट जेलस." एका काकांनी मला ऐकू जाईल असं म्हटलं, "शेवटी जातीवर गेलाच." मी म्हणालो, "हो काका, तुम्हीच रस्ता विचारत होतात."

सुनीता गाडीपाशी उभी. तळहात तांबडे. प्रज्ञा आईचा हात हातात घेऊन बघत होती.

मग केतन आला. छातीवर लाल रेघ, हातात चावी. मला वाटलं, भांडणार. तो घुटमळला. मागं बघितलं. म्हणाला, "ऐक ना. सभेची वेळ झालीय. आत कोणीच जात नाहीये, कोरम होत नाहीये. आज सभा नाही झाली तर नवी कमिटी लटकेल." आणि मग, खरं सांगतो, हे असंच म्हणाला, "जरा हाक मार ना यार. तुझा आवाज भारी आहे."

 त्याच्या डोळ्यांत एवढासुद्धा खोटेपणा नव्हता. त्याला खरंच काही वाटत नव्हतं. रंग लागला, भाषण झालं, आणि आता दोरवाल्यानं कामाला लागावं. मी हाताला लागलेला गेरू बघितला. बापाचा आवाज घशाशी आला होता. इतक्या वर्षांची सवय. तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नाही."

त्यानं स्वतःच हाक मारून बघितली. "गाइज, प्लीज! आत या ना, गाइज!" कुणी मान वळवली नाही. ओव्हलवरची पोरं खेळत राहिली. कोरम भरला नाही. सभा झाली नाही. आम्ही गाडीत बसून ते शेवटपर्यंत बघितलं. थर्मासमधला चहा आम्ही तिघांनी प्यायला. पहिल्यांदा गरम मिळाला.

आता मला माणसं समजावायला येतात. म्हणतात, माफी माग, विषय संपव. तुझं मत आम्ही करून देतो. काही म्हणतात, वेगळं मंडळ काढ, आम्ही देणगी देतो. मी दोन्ही करणार नाही. माफी मागणार नाही आणि निघूनही जाणार नाही. नागरिकत्वाचा अर्ज मी केलाय. त्या दिवशी शपथ घेईन, पुढच्या निवडणुकीला चिमटा दुसऱ्याच्या हातात देईन आणि त्या बाईंपुढं नाव सांगेन. आणि या मंडळाच्या दारातून आत जाईन. कुणी माझ्या घराण्याला ओळखतं म्हणून नाही. तो नियम जाळून. तोवर तुमचा मांडव तुम्ही घाला, तुमची भांडी तुम्ही घासा, आणि तुमच्या सभेला तुम्ही हाक मारा. माझ्या घराण्याचा आवाज तुम्हाला आता मिळणार नाही. माझ्या लेकीचा तर कधीच नाही.

दोर माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय. दर रविवारी मी त्याला गेरू आणि जवस चोळतो. मी तो वाळू देत नाही.